नूरुद्दीनची चांदमारी

पावसाचं पाणी कुठून काढायचं, ह्या एका प्रश्नावर महबूब गवंड्याने पहिले दोन शुक्रवार खाल्ले.

सुलैबियाकडच्या त्या माळावर वर्षातून चार सरी पडल्या तर लोक एकमेकांना मुबारकबाद देत. पण महबूब राजापूरच्या बाजूचा, आणि ज्या छपराला उतार नाही त्याच्याखाली उभं राहायलाही तो राजी नसे. बंदूक मारायला आडवं पडणाऱ्या माणसाच्या डोक्यावर सावली पाहिजे, एवढंच नूरुद्दीनने त्याला सांगितलं होतं. महबूबने त्यातून पागोळ्या काढल्या, पागोळ्यांखाली पन्हळ काढला, आणि पन्हळाचं पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊन उद्या तंटा नको म्हणून चर खणायला घेतला. शेजारी म्हणजे नजर जाईल तिथवर वाळू, आणि मधे एका उंटाचा वाळलेला सापळा. त्याचं म्हणणं विचारायची सोय नव्हती.

जमिला सव्वा वर्षाच्या असमाला कडेवर घेऊन हे बघत उभी होती. तिला हसू येत होतं आणि ते ती ओढणीच्या पदरात लपवत होती, कारण नूरुद्दीनच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं. तो चांदमारी बांधत होता. खाजगी, स्वतःची, पाच माणसं एका वेळी आडवी पडून निशाण साधतील अशी चांदमारी. आणि ती बाशी ईदच्या आत व्हायला हवी होती. साल एकोणीसशे साठ, ईद मार्चच्या अखेरीला.

सुरुवात झाली होती जमिलाच्याच घरात, सुरमईच्या कालवणावर. नूरुद्दीनच्या गावाला, दाभोळच्या खाडीपलीकडे, ईदच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे बाशी ईदला, आंब्याच्या फांदीला सुंभाने नारळ बांधून टांगत आणि तरणी माणसं त्यावर छऱ्याच्या बंदुकीने निशाण लावत. नारळ फोडणारे गावात पाच-सहा होते. नारळाला न शिवता वरचा सुंभ तोडणारा एकच, नूरुद्दीन. जमिलाच्या बापाने तो सुंभ तुटलेला बघितला आणि त्याच संध्याकाळी, पोराची नोकरीधंद्याची चौकशी न करता, सोयरिकीचा निरोप धाडला. जमिलाने तो सुंभ तुटताना माडीच्या खिडकीतून बघितला होता, पण हे तिने कधी कोणाला सांगितलं नाही.

हीच हकिगत नूरुद्दीन जेवणावर सांगत होता, बहुधा अकराव्यांदा, तेव्हा तेलाच्या कंपनीत कारकून असलेला रियाज काटा चोखत म्हणाला, "निशाण गावाकडचं, साक्षीदारही गावाकडचे. मग मीही सांगतो, मी वाघ मारलाय. नारळाने."

सगळे हसले. नूरुद्दीनही हसला. पण हात धुवायला उठला तो बराच वेळ मोरीतून बाहेर आला नाही.

जमिलाला ठाऊक होतं ते इतकंच की हा माणूस गावाला असताना बाजारातून आला तर तीन घरं आधी त्याचा आवाज यायचा. इथे आल्यापासून तो अरबाबच्या, म्हणजे त्यांच्या अरबी मालकाच्या, नळ-पाइपांच्या गोदामात बसायचा आणि दिवसभर "येस सर" म्हणायचा. एकदा पहाटे असमा रडली तेव्हा तो झोपेतच उठून बसला आणि पाळण्याला "येस सर" म्हणाला. जमिला हसली, आणि मग तिला पुन्हा झोप लागली नाही. त्यामुळे रियाज गेल्यावर नूरुद्दीनने जेव्हा जाहीर केलं की तो इथेच, कुवेतमध्ये, सगळ्या कोकणी मंडळींसमोर बाशी ईदला निशाण लावून दाखवणार, तेव्हा तिने एवढंच विचारलं की जेवण किती माणसांचं करायचं.

जागा अरबाबने दिली. अरबाबचं तरुणपण मुंबईत खजूर विकण्यात गेलेलं, त्यामुळे तो भेंडीबाजारातली हिंदी बोलायचा आणि चहा बशीत ओतून प्यायचा. सुलैबियाकडे त्याचं शेत होतं. शेत म्हणजे एक मचूळ पाण्याची विहीर, झावांची चार झाडं आणि टोमॅटोचे वाफे, ज्यांच्यावर तो पोटच्या पोरांपेक्षा जास्त जीव टाकायचा. नूरुद्दीनचं म्हणणं ऐकून घेऊन तो म्हणाला, "मारो, बंदूक मारो. लेकिन मेरा टमाटा मत मारो." आणि वर, कागद करून घे, असंही सांगितलं.

कागदाने तीन आठवडे घेतले, आणि त्यात कचेरीचा दोष म्हणाल तर काही नव्हता. तिथला मिसरी, म्हणजे इजिप्तचा, बाबू फार अदबशीर होता. त्याने विचारलं, हे दुकान आहे का? नाही. कारखाना? नाही. शाळा? नूरुद्दीन जरा घुटमळला आणि नाही म्हणाला. मग बाबूने विचारलं की बंदूक खरी आहे की खेळण्यातली. खेळण्यातली असेल तर परवानगीचीच गरज नाही, आत्ताच्या आत्ता शिक्का मारतो. खरी असेल तर अर्ज वरच्या मजल्यावर जाईल. आता छऱ्याची का असेना, ती नूरुद्दीनची बंदूक होती. मुंबईहून बोटीने गादीत गुंडाळून आणलेली. तिला स्वतःच्या तोंडाने खेळणं म्हणायचं? तो ताठ बसून "खरी" म्हणाला, आणि अर्ज वरच्या मजल्यावर गेला. तिथून तो कुठे गेला ते कोणालाच सांगता येईना. तीन आठवड्यांनी नूरुद्दीन पुन्हा त्याच बाबूकडे गेला, इकडेतिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला की खेळण्यातली आहे. शिक्का तिथेच बसला. घरी आल्यावर त्याने हे जमिलाला पाठ करून, भिंतीकडे बघत सांगितलं. तिने त्याला त्या दिवशी सांदणं करून घातली, काही कारण न सांगता.

मग प्रश्न आला दिशेचा. निशाणाची भिंत कोणत्या बाजूला घालायची?

ह्यात शब्द चालणार होता यूसुफचाचांचा. चाचा धंद्याने शिंपी, पण कोकणी घरांत कोणाचं बारसं, कोणाचा निकाह, कोणाच्या उपासाची शंका, सगळं त्यांच्या मशीनपाशी येई. त्यांनी आल्याआल्या सूर्याकडे बोट केलं. उत्तरेला राखणदाराची झोपडी, तिकडे नको. पूर्वेला शहराचा रस्ता, तिकडे नको. दक्षिणेला टमाटे. राहिली मावळत. आणि मावळतीकडे, चाचा म्हणाले, बंदुकीचं तोंड करणारा माणूस मी अजून बघितला नाही आणि बघणार नाही. मावळतीला किब्ला. गावाला आपण तिकडे पाय करून झोपत नाही, तिकडे थुंकत नाही, आणि तू तिकडे छरे मारणार?

खरंच, हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. रत्नागिरीच्या माणसाला किब्ला, म्हणजे नमाजेची दिशा, शिकवावा लागत नाही. जिथे समुद्र, तिथे सूर्य बुडतो; जिथे सूर्य बुडतो, तिथे मक्का. शहरातल्या मशिदीत भिंत असते, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आणि इथे माळावर तर ते दर शुक्रवारी असरची, म्हणजे दुपार कलल्यावरची, नमाज मावळतीकडे तोंड करूनच पढत होते, चाचा पुढे, बाकीचे मागे, आणि झावाच्या आडोशाला बायका. अरबाबचा राखणदार लांबून बघायचा, पण तो भिडस्त माणूस होता आणि आपली नमाज झोपडीत पढायचा.

शेवटी चाचांनीच तोड काढली. त्यांनी मावळतीकडे तोंड केलं, डाव्या हाताला अर्धं वळले आणि तिथे खुंटी ठोकायला सांगितली. किब्लाही वाचला, टमाटेही वाचले. महबूबने दोरी लावली. चाचांनी ती तीनदा तपासली. किब्ल्यापासून इतकी लांब, इतकी मोजूनमापून चुकवलेली भिंत सबंध कुवेतमध्ये दुसरी नसेल.

भिंत उभी राहिली आणि सल्ले सुरू झाले. नुसत्या सपाट भिंतीवरून छरा उलटा येईल, कोणाचा डोळा जाईल, असं शेजारच्या बिल्कीसआपा म्हणाल्या. त्या दवाखान्यात आया होत्या आणि जगातल्या प्रत्येक वस्तूने डोळा कसा जातो हे त्यांना माहीत होतं. म्हणून मधोमध खोल कोनाडा करायचं ठरलं, निशाण आत बसेल आणि छरा आतच राहील. महबूबचा हात गावाकडच्या दिवाकोनाड्यांवर बसलेला. त्याने कोनाडा केला तो पुरुषभर उंच, मागे गोलसर, वर सुबक कमान. वर चुना मारला, उन्हात चांगला दिसतो म्हणून. पोरंसोरं मधे धावू नयेत म्हणून चारी बाजूंनी गुडघाभर दगडांची हद्द घातली. आडवं पडणाऱ्यांच्या अंगाला खडे टोचू नयेत म्हणून जमिलाने आपल्या लग्नातल्या पाच चटया दिल्या, त्या महबूबने एका रांगेत, एकीला एक लागून, कोनाड्याकडे तोंड करून अंथरल्या. चटया लग्नातल्या, तेव्हा त्यांच्यावर कोणी चपला घालून जायचं नाही, असं तिने बजावलं आणि हद्दीबाहेर चपला काढायला फळी ठेवली. फळीशेजारी पाण्याचं पिंप आणि डबा आला, कारण नेमबाजाला तहान लागते. रोज्याचा महिना सुरू होता, पण बाशी ईदला तर लागेल.

एकेक गोष्ट शहाणपणाची होती. कोणत्याही एका गोष्टीला नाव ठेवायला जागा नव्हती.

सत्ताविसाव्या रोज्याला दुपार कलल्यावर बंदुकीची पहिली परीक्षा ठरली. रियाजलाही बोलावलं होतं, आणि तो आला होता. नूरुद्दीन मधल्या चटईवर आडवा पडला. कोनाड्यात पुठ्ठ्याचं निशाण. त्याने खांदा लावला, डावा डोळा मिटला. जमिलाला त्याच्या मानेची ती विशिष्ट कलती ठेवण दिसली, खिडकीतून बघितली होती तशीच, आणि तिने असमाला उगाचच घट्ट धरलं.

तेवढ्यात शेळ्या आल्या. शेळ्यांमागून वाळवंटातला एक म्हातारा बदू धनगर आला, सलाम करून पिंपापाशी बसला, हात-तोंड-पाय धुतले, फळीवर चपला काढल्या, आणि थेट नूरुद्दीनच्या शेजारच्या चटईवर उभा राहून त्याने नमाजेला हात बांधले. कोनाड्याकडे तोंड करून.

नमाजीच्या कानाशी बंदूक उडवता येत नाही, आणि नमाजीसमोरून उठूनही जाता येत नाही. नूरुद्दीन बंदूक खांद्याला लावून तसाच पडून राहिला. म्हातारा कपाळ टेकून सजद्यात गेला तेव्हा दोघांची डोकी एका रेषेत आली. नमाजेच्या चारी रकातींचा तो वेळ जमिलाला फार मोठा वाटला. नूरुद्दीनचा एक डोळा अजून मिटलेलाच होता.

म्हाताऱ्याने नमाज संपवून सलाम फेरला तसे यूसुफचाचा पुढे झाले. बिचारा अनाडी माणूस, त्याला किब्ला कोण सांगणार, असं पुटपुटत त्यांनी त्याचा खांदा धरला आणि कुराणातली जेवढी अरबी येत होती तेवढी गोळा करून, मावळतीकडे हात करून, त्याला त्याची चूक समजावली. म्हाताऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने चाचांचा हात धरला आणि मावळतीवरून उचलून हळूच कोनाड्याकडे वळवला. "मक्का," तो म्हणाला. चाचांनी हात परत मावळतीकडे नेला. म्हाताऱ्याने परत कोनाड्याकडे आणला. दोन वडीलधाऱ्या माणसांची एका हातावरून अशी कितीतरी वेळ ओढाताण चालली होती. शेवटी म्हाताऱ्याने काठीने वाळूत समुद्र काढला, तो उगवतीकडे, कुवेत काढलं, आणि खाली, डाव्या अंगाला, लांबवर, एक ठिपका दिला.

चाचा त्या ठिपक्याकडे बघत खाली बसले. गावाहून मक्का मावळतीला हे खरंच होतं. पण गाव बोटीमागे राहिलं होतं, आणि मावळत तेवढी सगळ्यांनी न विचारता बरोबर आणली होती. इतक्या शुक्रवारच्या असर. त्यांनी बोटं मोजायला घेतली आणि मधेच सोडली.

रियाज हसून हसून हद्दीच्या दगडावर बसला. म्हणाला, "नूरुद्दीनभाय, किब्ल्याला कमानीचा कोनाडा, रांगेत चटया, हातपाय धुवायला पाणी, मशीद बांधलीत तुम्ही. आता बांग द्या, बंदूक कशाला?"

त्या दिवशी छरा सुटला नाही. नूरुद्दीनने घरी येऊन एवढंच म्हटलं की एक धनगर वाट चुकून आला म्हणजे मशीद होत नाही. आमंत्रणं गेली आहेत, बाशी ईदला निशाण होणार. चाचा दोन दिवस मशीन बंद ठेवून किताबं चाळत होते. असरची शंका फिटली, नकळत चुकलेली दिशा माफ असते. पण चांदमारीचा मसला कशात सापडला नाही. महबूब म्हणाला, मशीद असो की काही असो, उतार नीट पडलाय.

बाशी ईदला अरबाबच्या ट्रकमधून सगळी कोकणी मंडळी निघाली. बिर्याणीचे टोप, शीरखुर्म्याची बरणी, नवे कपडे, आणि असमाच्या गोधडीत गुंडाळलेली बंदूक, जमिलाच्या मांडीवर. नूरुद्दीन ट्रकमधे उभा होता. वाटेभर तो मोठ्याने बोलत होता, आणि जमिला ऐकत होती.

हद्दीपाशी ट्रक थांबला तेव्हा फळीवर चपलांना जागा नव्हती. पलीकडे काळे तंबू लागले होते. कोणीतरी हद्दीच्या आतली वाळू झाडून साफ केली होती, पिंप भरलं होतं, आणि पाच चटयांच्या मागे आणखी घोंगड्या अंथरल्या होत्या. काल ईदची नमाज इथेच झाली, राखणदार सांगत होता. इतकी माणसं ह्या विहिरीवर त्याने कधी बघितली नव्हती.

अरबाब आधीच आला होता. तो त्या कमानीकडे बघत उभा होता आणि त्याची दाढी ओली झाली होती. नूरुद्दीनला बघून त्याने त्याचे दोन्ही हात धरले.

"मेरे बाप का दिल था, इधर कुआँ पे नमाज का जगह बनाने का," तो म्हणाला. "बाप मर गया, मैं टमाटा लगाया. तू बोला, बंदूक का जगह बनाता है. झूठ बोला मेरे को. अच्छा काम छुपा के किया."

खोटं नूरुद्दीन बोलला नव्हता, हे सांगायला हवं होतं. ट्रकमधून उतरलेलं एकेक माणूस जाणत होतं की आज तो कशासाठी आलाय. त्याने मागे वळून जमिलाकडे बघितलं, गोधडीकडे बघितलं. जमिलाने गोधडी दोन्ही हातांवर थोडी पुढे केली. मागितली असती तर तिने सगळ्यांसमोर दिली असती. मागे कोण काय म्हणेल ते ती बघणार होती.

मग अरबाबने बाकीच्यांकडे वळून विचारलं की तुम्हाला तरी ठाऊक होतं का. सर्वांत पुढे रियाज उभा होता.

रियाजने एकदा नूरुद्दीनकडे बघितलं. "नहीं अरबाब," तो म्हणाला, "हमको भी बंदूक बोला था."

आणि त्याने वाकून चपला काढल्या. दुपारच्या नमाजेची, जोहरची, वेळ झाली होती. त्या दिवशीचा म्हातारा धनगर आला, नूरुद्दीनचं मनगट धरून त्याला घेऊन गेला आणि मधल्या चटईवर उभं केलं. रियाज त्याच्या डाव्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. जमिलाने गोधडीवर ओढणी ओढली.

पुढे अरबाबने तिथे पक्की भिंत घातली, पक्कं छप्पर घातलं. उतार मात्र महबूबने ठेवायला लावला. आता तिकडे गोदामं झाली आहेत, डांबरी रस्ते झाले आहेत, आणि कोणाला विचारलं तर त्या जागेचा नक्की पत्ता सांगता यायचा नाही. पण बरीच वर्षं त्या बाजूचे धनगर तिला हिंद्याची मशीद म्हणत, आणि तो हिंदी कोण ते त्यांना ठाऊक नव्हतं. कोकणी मंडळींच्या घरी जेवणावर ही गोष्ट निघाली की यूसुफचाचा असेपर्यंत चाचांसाठी ती जरा बदलून सांगत. जमिलाला आठवतो तो त्या दिवशीचा परतीचा रस्ता, उन्हं उतरलेली, बिर्याणीचे रिकामे टोप एकमेकांवर आपटताहेत, बायका पेंगुळलेल्या, आणि नूरुद्दीन तिच्या शेजारी गप्प बसलेला, इतका गप्प की तिला राहवेना.

"एकदा मारून दाखवायला हवी होतीत," ती हळूच म्हणाली. "मी पुढे केली होती."

"बघितली गो मी." तो मागे पळणाऱ्या वाळूकडे बघत होता. मग म्हणाला, "जमिले, सगळी माणसं मिळून, दोरी लावून, तीनदा मोजून किब्ला चुकवायला गेलो आम्ही. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा निशाण चुकवायला गेलो. आणि बघ ना, बरोबर मध्यावर लागलं."

आणि तो हसायला लागला. आधी खांद्यातल्या खांद्यात, मग पोटातून, मग असा की असमा दचकून जागी झाली, बिल्कीसआपांनी कोणाचा डोळा गेला म्हणून विचारलं, आणि मागे काहीतरी पडलं असं वाटून ड्रायव्हरने भर रस्त्यात ट्रक थांबवला.